पाइन ओळखायचा कसा? आधी सुया मोजा, मग शंकू उचला

वनजा

हिमालयात जाऊन आलेल्या मंडळींचे फोटो मी मनापासून बघते. पण जवळजवळ प्रत्येक उंच, सदाहरित झाडाखाली 'देवदार' किंवा नुसतं 'पाइन' लिहिलेलं असतं. वाईट वाटतं, कारण पश्चिम हिमालयात, म्हणजे आपण ज्या हिमाचल-उत्तराखंडात ट्रेकला जातो तिथे, पाइनच्या ठळक जाती तीनच आहेत: चीड, कैल आणि चिलगोजा. या तीन एका सुट्टीत शिकता येतात. म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी झाड पाइन आहे का ते ठरवा. त्यासाठी शेंड्याकडे बघू नका, फांदीवर सुया कशा बसल्यात ते बघा. पाइनच्या सुया जुडीने येतात, एका जुडीत दोन, तीन किंवा पाच. जुडीच्या बुडाशी पातळ, कागदी म्यान असतं. देवदाराच्या सुया आखूड, अडीच ते पाच सेंटिमीटर. छोट्या खुंटावर वीस-तीस सुया एकत्र, चारी बाजूंना फाकलेल्या. फर आणि स्प्रूस (हिमाचलात तोश आणि रई) यांच्या सुया एकेकट्या, थेट फांदीवर. त्या दोघांत फरक करायचा तर एक सुई चिमटीत धरून फिरवा. स्प्रूसची चौकोनी असते, गोल फिरते. फरची चपटी, फिरत नाही.

जुडी सापडली की झाड पाइन. आता सुया मोजा.

पाच सुया असतील तर कैल. सुया बारीक, लवचीक, निळसर झाक असलेल्या, साधारण १२ ते १८ सेंटिमीटर, खाली झुकलेल्या. शंकू लांबट, केळ्यासारखा किंचित बाकदार, १५ ते ३० सेंटिमीटर, देठाने लोंबणारा. खवले पातळ, आणि त्यांच्या टोकांवर पांढरा वाळलेला डिंक. हाताला चिकटतोच.

तीन सुया आणि लांबी वीतभर किंवा जास्त, २० ते ३० सेंटिमीटर, तर चीड. शंकू जड, लाकडी, अंडाकृती, आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाला मागे वळलेली जाड चोच.

तीन सुया पण आखूड, ६ ते १० सेंटिमीटर, ताठ, तर चिलगोजा. हा सगळीकडे दिसणार नाही. हिमाचलात किन्नौर आणि चंब्यातली पांगी खोरी ही त्याची घरं.

चीड आणि चिलगोजा दोघांच्याही तीनच सुया, म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. लांबी बघा, शंकू बघा, साल बघा. आणि कृपा करून फांदी तोडू नका. झाडाखाली सगळं पडलेलं असतं.

मुळाकाठ

वनजाताई, वाचनखूण साठवली. जूनमध्ये कसौलीला जातोय, मुलीला घेऊन. तिथे कुठला दिसेल?

वनजा

कसौलीला चीड भरपूर. कालका-शिमला गाडीने गेलात तर आणखी छान. धरमपूर, बडोग या पट्ट्यात खिडकीतून चीड दिसत राहतो आणि शिमला जवळ येईल तसा देवदार सुरू होतो, मध्ये कैलही डोकावतो. मुलीला प्रत्येक स्टेशनावर झाडं बघायला सांगा. उंचीप्रमाणे जंगल बदलतं हे पुस्तकापेक्षा त्या गाडीत चांगलं कळतं.

रेवदंड्याची_रमा

आमच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. त्यालाही सुया, त्यालाही छोटे शंकू. पर्यटक 'पाइन बीच' म्हणून फोटो टाकतात. सुरू पाइनच्या नात्यातला का?

वनजा

नाही रमाताई, अजिबात नाही. सुरू हे फुलझाड आहे, पाइन बिनफुलांच्या गटातला. सुरूची 'सुई' ही पान नाहीच, ती हिरवी, बारीक काडी आहे. नीट बघितलंत तर तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने सांधे दिसतील. प्रत्येक सांध्यावर सहा-आठ बारीक दात असतात, तीच खरी पानं. सांध्याशी ओढलं की काडी सुटते आणि परत जोडताही येते. पाइनची सुई अशी सांध्यावर सुटत नाही. सुरूचा शंकूही शंकू नव्हे, ते फळांचं झुपकं आहे, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचं.

रेवदंड्याची_रमा

हो हो! लहानपणी आम्ही 'कुठे जोडलंय ओळख' खेळायचो ते हेच. आता कारण कळलं. उद्या शाळेतल्या मुलांना दाखवते.

पेठेतला_पक्षी

पुण्यात जुन्या बंगल्यांपुढे मजल्यामजल्यांच्या फांद्यांचं 'ख्रिसमस ट्री' असतं, ते?

वनजा

ते ॲरोकॅरिया. दक्षिण गोलार्धातलं वेगळं कुळ. जुडी शोधा, सापडणार नाही.

त्रिज्या

मला या सुयांमधली भूमिती फार आवडते, म्हणून लिहितो. एका जुडीतल्या सगळ्या सुया घट्ट जुळवून धरल्या तर एक गोल दांडी तयार होते. म्हणजे दोन सुयांच्या जातीत प्रत्येक सुईचा काप अर्धवर्तुळ, तीनच्या जातीत १२० अंशांचा तुकडा, पाचच्या जातीत ७२ अंशांचा. त्यामुळे जुडी विस्कटलेली असली, एकच सुटी सुई हातात असली, तरी भिंगाखाली कोन बघून अंदाज करता येतो. तीनवाल्याला दोन सपाट बाजू आणि एक गोलसर पाठ दिसते. पाचवाल्यात कोन अगदी टोकदार.

शंकूवरही आकडे आहेत. बुडाकडून बघा, खवल्यांची वळणं एका दिशेला बहुधा ८ आणि उलट दिशेला १३ मिळतात. कधी ५ आणि ८. मुलांसोबत रंगीत खडूने एकेक वळण रंगवून बघा.

मुळाकाठ

हे तर मुलगी लगेच करेल. त्रिज्या, धन्यवाद!

दूनखोरं

माझी नोकरी वनक्षेत्रातली, मुक्काम देहरादून. वनजाताईंनी पाया उत्तम घातलाय. त्यावर थोडं विस्ताराने लिहितो, कारण गोंधळ नेमका कुठे होतो ते रोज बघतो.

पहिली गोष्ट म्यानाची. जुडीच्या बुडाचं कागदी म्यान चिडात टिकून राहतं, गळून पडलेल्या जुडीवरही दिसतं. कैलमध्ये आणि चिलगोजात ते लवकर गळतं, जून जुडीचं बूड उघडं असतं. म्हणजे तीन सुया आणि म्यान शाबूत असेल तर चीड, तीन सुया आणि म्यान गायब असेल तर चिलगोजा. लांबी मोजायला पट्टी नसली तरी हे दिसतं.

यामागे नातं आहे. पाइनच्या कुळात दोन मोठ्या शाखा. एकीच्या सुईत आडव्या कापात एकच वाहिनी-जुडगा (पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा गठ्ठा) दिसतो, दुसरीत दोन. चीड दोनवाल्या शाखेतला. कैल आणि चिलगोजा एकवाल्या शाखेतले. सुयांची संख्या बघून चिलगोजा चिडाचा भाऊ वाटतो, पण तो कैलच्या बाजूचा आहे. चीनमधला बंजियाना पाइनही तीन सुयांचा आणि असाच पोपडे सुटणाऱ्या सालीचा, तो चिलगोजाचा जवळचा नातलग. संख्येवर विसंबायचं नाही ते यासाठी. संख्या फक्त दार उघडते.

दुसरी गोष्ट शंकूच्या खवल्याची. प्रत्येक खवल्यावर एक लहानसा उंचवटा असतो, शंकूच्या पहिल्या वर्षाच्या वाढीची ती खूण. पाइनचा शंकू पिकायला साधारण दोन वर्षं घेतो. कैलमध्ये हा उंचवटा खवल्याच्या अगदी टोकाला असतो. चीड आणि चिलगोजात खवल्याच्या पाठीवर. एकदा ही जागा बघायची सवय लागली की अर्धा कुजलेला शंकूही बोलका होतो.

तिसरी, सालीची. चिडाची साल जाड, लालसर तपकिरी, खोल भेगांची. या जाडीमुळेच वणव्यात मोठा चीड तगतो. कैलची तरुणपणी गुळगुळीत, करडी, वयानुसार बारीक भेगाळते. चिलगोजाची साल पातळ पोपड्यांनी सुटते आणि खाली करडे, हिरवट, चंदेरी ठिपके उरतात. एकदा पाहिली की लांबूनही झाड ओळखता येतं. चिडाच्या खोडावर बऱ्याच ठिकाणी लिसा (झाडाचा चिकट डिंक) काढायच्या खाचा आणि खाली भांडं दिसेल. त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ मिळते. तीही ओळखीची खूणच समजा.

चौथी, बियांची. चीड आणि कैलच्या बीला पातळ पंख, वाऱ्यावर उडणारा. चिलगोजाचं बी मोठं, दोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि पंख जवळजवळ नाहीच. ते वाऱ्याने जात नाही, त्याला पक्षी-प्राणी लागतात.

आता सावधगिरीच्या गोष्टी. शंकू सुका असतानाच आकार बघा. ओला झाला की खवले मिटतात, वाळला की उघडतात. पावसात उचललेला चिडाचा शंकू बारीक दिसतो आणि लोक वेगळी जात समजतात. एकच जुडी मोजून थांबू नका, दहा-बारा मोजा, कारण चिडात मधूनच दोनची किंवा चारची जुडी निघते. आणि रोपं बघून घाई करू नका. पाइनच्या कोवळ्या रोपावर सुया एकेकट्याच येतात, निळसर. जुड्या नंतर.

हिमगंध

दूनखोरं, गंगोत्रीहून गोमुखला जाताना चीडबासा लागतं. नाव चिडाचं, पण मी उचललेल्या जुडीत पाच सुया होत्या. मग ते झाड कुठलं?

दूनखोरं

कैल. चीडबासा साधारण ३६०० मीटरवर आहे. चीड एवढा वर चढत नाही, त्याचा पट्टा ढोबळमानाने ५०० ते २००० मीटर, काही ठिकाणी थोडा वर. कैल १८०० च्या सुमाराला सुरू होतो आणि ४००० च्या आसपास पोचतो. तुम्ही सुया मोजल्यात म्हणून बरोबर आलात. मोबाइलमध्ये उंची दिसते, ती नोंदीत लिहून ठेवा. उंची आणि सुया या दोन गोष्टींवर पश्चिम हिमालयात जवळजवळ सगळं ठरतं. १८०० ते २२०० च्या दरम्यान मात्र चीड आणि कैल शेजारी-शेजारी उभे असतात, तिथे खाली पडलेला शंकू नेमका कुणाचा ते वर बघून ठरवा.

शिलाँगवासी

पूर्वेकडची बाजू मांडतो, बँकेच्या बदलीमुळे इथे आहे. शिलाँगच्या टेकड्यांवर जो पाइन दिसतो तो खासी पाइन, शास्त्रीय नाव पायनस केसिया. तीन सुया, चिडासारख्याच लांबट पण खूप बारीक आणि मऊ, १५ ते २० सेंटिमीटर. फरक शंकूत आहे. इथला शंकू लहान, ५ ते ९ सेंटिमीटर, मुठीत मावतो. चिडाचा मावत नाही. नागालँड, मणिपूरकडेही हाच. चिडाच्या जंगलात फिरलेल्या माणसाने इथे येऊन शंकू हातात घेतला की लगेच कळतं की झाड निराळं आहे.

वनजा

शिलाँगवासी, फार छान. मुठीत मावणं हे माप मी वापरणार. भारतात दोन सुयांचा पाइनही आहे, मर्कुसी, पण तो अरुणाचलच्या पूर्व भागात. तिकडे कुणी गेलं तर जुडीचा फोटो जरूर टाका.

निलगिरीकर

उटी आणि कोडाईकनालच्या 'पाइन फॉरेस्ट'मध्ये लाखो लोक फोटो काढतात. तिथला पाइन हिमालयातला नाही. लावलेल्यांत पायनस पॅटुला ही मेक्सिकोतली जात बरीच दिसते. तीन सुया, कधी चार, १५ ते २५ सेंटिमीटर, खाली लोंबणाऱ्या. शंकू कठीण, फांदीला घट्ट चिकटून घोसाने बसतात आणि वर्षानुवर्षं न उघडता राहतात. खाली पडलेले शंकू कमी आणि वर बंद शंकूंचे घोस दिसले तर हाच समजा. दक्षिण भारतात स्वतःहून उगवणारा पाइन एकही नाही, तेव्हा इथे पाइन दिसला की तो कुणीतरी लावलेला.

न्यूजर्सीकर

आमच्या अंगणात ईस्टर्न व्हाइट पाइन आहे, पाच सुया. धागा वाचून बाहेर जाऊन पुन्हा मोजल्या! कैलचा हा चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. सुया जरा आखूड, ७ ते १३ सेंटिमीटर, शंकूही लहान पण तसाच लांबट, पातळ खवल्यांचा, डिंकाने माखलेला.

इथल्या पाइन बॅरन्स नावाच्या जंगलपट्ट्यात पिच पाइन आहे. तीन सुया, शंकूच्या खवल्यांना काटे. त्याची खास खूण अशी की सुयांचे झुपके थेट खोडातूनही फुटतात. आगीने फांद्या जळाल्या तरी ते खोडातून पुन्हा पालवतं.

दोन सुयांच्या जातींसाठी इकडे एक युक्ती शिकवतात. रेड पाइनची ताजी सुई वाकवली की कट्कन सरळ तुटते. ऑस्ट्रियन पाइनची नुसती वाकते. गळलेल्या, वाळलेल्या सुईवर हा प्रयोग करू नका, त्या सगळ्याच तुटतात.

एडिंबराची_एक

स्कॉटलंडमध्ये सोपं आहे. ब्रिटनचा मूळचा पाइन एकच, स्कॉट्स पाइन. दोन सुया, निळसर, पीळ पडलेल्या, ४ ते ७ सेंटिमीटर. खोडाचा वरचा भाग नारिंगी. बागेत लावलेले परदेशी पाइन मात्र पुष्कळ, तिथे परत मोजणी.

डोंगरकूस

एक वेगळा मुद्दा. चीड ओळखायला शिकतो आहोत हे चांगलंच, पण उत्तराखंडात लोक चिडावर चिडतात हेही लिहायला हवं. त्याच्या सुयांमुळे वणवे लागतात, बांजाचं (हिमालयातल्या ओकचं) जंगल मागे हटलं, पाण्याचे झरे आटले असं गावागावांत ऐकलं. मग हे झाड कौतुकाचं की काळजीचं?

दूनखोरं

प्रश्न रास्त आहे. चीड तिथला मूळचाच आहे, परका नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला, एप्रिल-मे-जूनमध्ये त्याच्या सुया ढिगाने गळतात, त्यांना इकडे पिरूल म्हणतात. पिरूल हळू कुजतो, डिंकामुळे पटकन पेटतो. आग लागली की बांजाची रोपं जळतात, जाड सालीचा चीड उभा राहतो आणि मोकळ्या जमिनीवर त्याचंच बी रुजतं. म्हणजे प्रत्येक आग चिडाच्या पथ्यावर पडते.

इंग्रजांच्या काळात लिसा आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी चिडाला झुकतं माप मिळालं. गावकऱ्यांना मात्र हवा होता बांज: चारा, सरपण, पाचोळ्याचं खत. १९२१ साली कुमाऊँत लोकांनी जंगल कायद्यांविरुद्ध उठाव केला तेव्हा राखीव चीडवनांना आगी लावल्या गेल्या. राग झाडावर नव्हता, हक्क काढून घेण्यावर होता. आज पिरूल गोळा करून त्याच्या इंधनकांड्या करण्याचे प्रयोग चालू आहेत. माझं मत विचाराल तर झाडाला दोष देऊ नये, ते कुठे आणि किती वाढू द्यायचं हा माणसांचा निर्णय आहे. आणि त्या निर्णयात गावाचा आवाज पहिला हवा.

डोंगरकूस

पटलं. शेवटचं वाक्य विशेष.

मुळाकाठ

फोटो टाकून ओळख विचारायची तर कसे काढावेत?

वनजा

पूर्ण झाडाचा एक चालेल, पण त्यावर ओळख ठरत नाही. एका जुडीचा जवळून, बूड दिसेल असा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. शंकूचा बाजूने एक आणि खवल्याच्या टोकाचा जवळून एक. छातीच्या उंचीवरची साल. ठिकाण आणि उंची. एवढं असेल तर इथे कुणीतरी नक्की सांगेल.

देवदाराचा अख्खा शंकू जमिनीवर शोधत बसू नका. तो फांदीवर उभा असतो आणि पिकला की झाडावरच खवला खवला सुटून विखरतो. खाली मिळतं ते वरच्या टोकाचं, गुलाबाच्या आकाराचं, आणि 'लाकडी गुलाब' म्हणून दुकानात विकलंही जातं. फरचा शंकूही असाच झाडावर सुटतो. अख्खा शंकू जमिनीवर सापडला तर तो बहुतेक पाइनचा किंवा स्प्रूसचा.

पायवाट_८

मी सप्टेंबर अखेरीला किन्नौरला जातोय, कल्पा आणि पुढे पूहपर्यंत. चिलगोजाचा शंकू आठवण म्हणून आणावा म्हणतो. चालेल ना?

वनजा

पायवाट, माझी कळकळीची विनंती, बंद शंकू आणू नका. नेमका तोच काढणीचा हंगाम. उघडण्याआधीच शंकू लांब काठीच्या आकड्याने काढतात, मग ढीग घालून ते उघडेपर्यंत ठेवतात आणि बी वेगळं करतात. त्या भागातल्या कितीतरी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न यातून येतं, आणि झाडांवर गावांचे हक्क ठरलेले आहेत. तुम्हाला रस्त्याकडेचं झाड बेवारस वाटेल, ते तसं नसतं.

जवळजवळ सगळं बी काढलं जातं, त्यामुळे जंगलात नवी रोपं फार कमी दिसतात. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ही जात 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात आहे. चिलगोजे तिथल्या लोकांकडून विकत घ्या, दिवाळीला आपल्याकडे मिळतात त्याहून ताजे मिळतील. शंकू हवाच असेल तर बी काढून झाल्यावर टाकलेला, उघडा शंकू घरमालकाला विचारून घ्या.

पायवाट_८

समजलं ताई, विचारूनच घेईन. रस्त्यात कैल आणि चिलगोजा एकत्र दिसले तर चालत्या गाडीतून कसं ओळखू? सुया मोजता येणार नाहीत.

दूनखोरं

खोड बघा. करड्या-हिरव्या ठिपक्यांचं, चंदेरी, बऱ्याचदा खालूनच फांद्या फुटलेलं आणि कोरड्या खडकाळ उतारावर असेल तर चिलगोजा. सरळ वाढलेला, सुया निळसर आणि झुकलेल्या, फांद्यांच्या टोकांना लांबट शंकू लोंबताहेत, तर कैल. कल्प्याच्या आसपास देवदारही आहे. पूहकडे हवा कोरडी होत जाते तसा चिलगोजा खुल्या उतारांवर विरळ उभा दिसेल. गाडी थांबेल तिथे उतरून एक गळलेली जुडी उचला आणि म्यान बघा.

पायवाट_८

भिंग आणि पट्टी सामानात घेतली आहे. आलो की याच धाग्यावर फोटो टाकतो.